बराकीला नंबर मिळाला, पालाला कधी मिळणार?

(उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या महिला गटांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या मांडणीचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘शहरातील बेघर’ असं छापलं आहे. नाव मोठं आहे. मी ते जरा लहान करून घेणार आहे. विठ्ठलवाडीपासून बदलापूरच्या पुढे वांगणीपर्यंत लोकलच्या खिडकीतून जी निळी-पिवळी ताडपत्री आपल्याला रोज दिसते, तिच्याखाली राहणाऱ्या बायकांबद्दल मी बोलणार आहे. रुळांच्या कडेला, पुलाखाली, नाल्याच्या काठाला, नव्या टॉवरच्या कुंपणाला लागून ही पालं असतात. चार बांबू, वर ताडपत्री किंवा निवडणुकीनंतर उतरवलेला फ्लेक्स, आत तीन दगडांची चूल, एक ट्रंक, दोन हंडे. आज असतात, उद्या महापालिकेची गाडी येते, परवा ती शंभर पावलांवर पुन्हा उभी राहतात.

सकाळी चहाच्या वेळी एका मैत्रिणीने मला विचारलं, “हा गरिबीचा प्रश्न झाला. बायकांचा म्हणून यात वेगळं काय?” प्रश्न रास्त आहे. माझं आजचं सगळं बोलणं त्याचंच उत्तर आहे.

आपलं शहरच मुळात छावणी आहे

आपण बसलो आहोत त्या उल्हासनगरपासूनच सुरुवात करू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या पडल्या. १९४७ साली फाळणी झाली. सिंधमधून निघालेली माणसं बोटींनी, आगगाड्यांनी मुंबई इलाख्यात आली आणि त्यांतल्या लाखाच्या घरातल्या लोकांना या कल्याण कॅम्पात आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं. आजही रिक्षावाला आपल्याला “कोणता कॅम्प?” असंच विचारतो.

त्या बराकीत कसं राहिलो, हे इथल्या सिंधी आज्ज्यांकडून तुमच्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. एका लांबलचक बराकीत गोणपाटाचे आणि साड्यांचे पडदे लावून कुटुंबामागून कुटुंब. पाण्याला रांग, संडासाला रांग. पडद्यापलीकडे कोण कुशीवर वळलं तेही ऐकू यायचं. पापड लाटून, कपडे शिवून बायकांनी घरं चालवली. त्या दिवसांत ही माणसं सर्वार्थाने बेघर होती, आणि सगळ्यांना दिसतील अशी बेघर होती.

त्यांना एक गोष्ट मात्र लगेच मिळाली. बराकीला नंबर होता. कुटुंबाची नोंद झाली, नोंदीवर रेशन मिळालं, पुढे शाळेत नाव घालताना तोच पत्ता चालला. १९५४ साली विस्थापितांच्या भरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा झाला आणि राहत्या जागेची मालकी मिळण्याचा रस्ता खुला झाला. आजही इथल्या पत्त्यांत बराकीचा नंबर लिहितात. ज्या भिंतींना तो नंबर होता त्या कधीच पडल्या, तिथे पाच मजली इमारती आल्या, पण नंबर टिकला.

सरकारने तेव्हा सगळं चांगलंच केलं, असं म्हणायचं नाही. पुनर्वसन खात्यात एकट्या पडलेल्या बायकांसाठी वेगळा महिला विभाग होता, आश्रम होते, शिवणवर्ग होते. त्याच सरकारने १९४९ च्या कायद्याखाली पळवून नेलेल्या बायका ‘परत मिळवताना’ त्यांतल्या कित्येकींना त्यांची स्वतःची इच्छा विचारली नाही. स्त्री-अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ लिहिलं आहे. तरीही एक गोष्ट तेव्हा मान्य झाली होती. घर गेलेला माणूस ही सरकारची जबाबदारी आहे, आणि त्याची नोंद करणं हे पहिलं काम आहे.

आता याच शहरातली दुसरी गोष्ट. उल्हासनगरमधल्या ८५५ बेकायदा इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि पाडण्याचे आदेश झाले. तेव्हा लोक रस्त्यावर आले, पक्ष एकत्र आले आणि २००६ साली राज्य सरकारने फक्त उल्हासनगर शहरापुरता, अनधिकृत बांधकामं नियमित करण्याचा खास कायदा केला. त्या घरांत राहणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांनी आयुष्याची पुंजी त्यात घातली होती. पुढे मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली, म्हणजे कागद नियमित झाला तरी छत सुरक्षित होतंच असं नाही. मला एवढंच दाखवायचं आहे, की पाच मजली अनधिकृत बांधकामासाठी विधिमंडळ वेगळा कायदा करू शकतं. चार बांबूंच्या अनधिकृत पालासाठी मात्र आपल्याकडे डंपर असतो.

पालात कोण राहतं

‘झोपडपट्टी’ आणि ‘पालं’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. ते वेगळे आहेत. महाराष्ट्रात झोपडपट्टीवासीयांच्या अनेक वर्षांच्या लढ्यामुळे १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला संरक्षण मिळालं. त्यानंतरच्या, १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपड्यांना पैसे भरून घर मिळण्याची सोय झाली. पण हे संरक्षण झोपडीला आहे, म्हणजे एका जागी ठामपणे उभ्या असलेल्या बांधकामाला. जे कुटुंब वीस वर्षं याच शहरात आहे पण ज्याला वीस वेळा जागा बदलावी लागली, त्याच्याकडे कुठल्याच तारखेचा पुरावा नसतो. हाकलणाऱ्यानेच तो पुसलेला असतो.

आपल्या पट्ट्यात साधारण चार प्रकारच्या बायका मला पालांत आणि उघड्यावर भेटतात.

पहिल्या भटक्या-विमुक्त जमातींतल्या. वडार, वैदू, डोंबारी, गोसावी, पारधी. यांतल्या काही जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून ‘विमुक्त’ हे नाव आलं. पण आजही जवळच्या सोसायटीत चोरी झाली की पहिली झडती पालांची होते, आणि नवरा सापडला नाही तर बायकोला चौकीवर बसवून ठेवतात. राज्य सरकारने २०११ साली यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना काढली. कुटुंबाला पाच गुंठे जमीन आणि २६९ चौरस फुटांचं घर. पालात राहणाऱ्यांना, विधवांना, परित्यक्तांना त्यात प्राधान्य दिलं आहे. योजना चांगली आहे, पण ती ग्रामीण भागासाठी आहे. बदलापूरच्या हद्दीत पाल टाकलेली बाई शहरात मोजली जाते, त्यामुळे गावची योजना तिला लागू होत नाही. शहराच्या योजनेला पुरावा लागतो, तो तिच्याकडे नाही.

दुसऱ्या वीटभट्टीवरच्या. बदलापूर-वांगणीच्या आसपास दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भट्टीवर येतात ती पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात उपासमारीच्या वेळी घेतलेली उचल हंगामभर फेडायची. उचल नवऱ्याच्या नावावर असते, विटा मात्र बायको आणि पोरंही थापतात. तिच्या मजुरीचा वेगळा हिशेब कुठल्याच वहीत नसतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण हिशेब न दाखवता माणसाला अडकवून ठेवण्याची रीत गेलेली नाही. या बाईचं घर म्हणजे भट्टीच्या कडेला पेंढ्याची नाहीतर विटांची कोपी. मालकाशी भांडण झालं की मजुरी आणि छप्पर एकाच दिवशी जातं.

तिसऱ्या बांधकामावरच्या. अंबरनाथ आणि बदलापूरला जे टॉवर उठले ते यांच्या डोक्यावरच्या घमेल्यातून. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यातच मालकाने साइटवर विनामूल्य तात्पुरती निवासव्यवस्था करावी, स्वयंपाकाची, अंघोळीची, संडासाची सोय वेगळी असावी, पन्नासहून जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर असावं, असं लिहिलं होतं. २०२५ च्या नोव्हेंबरात त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. त्या मधल्या तीसेक वर्षांत अशी किती पाळणाघरं तुम्ही पाहिलीत, ते तुम्हीच मोजा. इमारत पूर्ण होते, पत्र्याचं कुंपण निघतं आणि तिथे राहणारं कुटुंब रस्त्यावर येतं.

चौथ्या एकट्या. या पालात क्वचितच दिसतात. नवऱ्याने टाकलेल्या, मारहाणीला कंटाळून निघालेल्या, सुनेने नको म्हटलेल्या म्हाताऱ्या, मन आजारी असलेल्या. या फलाटावर दिसतात, देवळाच्या पायरीवर दिसतात, सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात कुणाची तरी नातेवाईक असल्यासारख्या झोपतात. आपल्या सल्ला केंद्रावर येणाऱ्या बाईपासून ही बाई फार लांब नाही. मध्ये एक आई, एक भाऊ नाहीतर एक मैत्रीण असते. ती नसली की आपल्या केंद्रावरची बाई थेट फलाटावरच जाते.

बाईचं बेघरपण वेगळं का

आता सकाळच्या त्या प्रश्नाकडे येते. पुरुष बेघर झाला की तो फुटपाथवर आडवा होतो. बाई आडवी होऊ शकत नाही. पालातल्या आणि फलाटावरच्या बायकांशी बोलताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे: “रात्री झोपत नाही, बसते.” रात्रभर दिव्याखाली बसून राहायचं आणि सकाळी गर्दी झाली की डुलकी काढायची. सकाळी कामावर जाणाऱ्याला वाटतं, बघा, दिवसाढवळ्या झोपली आहे. रात्रीचं जागरण कुणी पाहिलेलं नसतं.

संडासाचं तेच. पैसे देऊन वापरायचं स्वच्छतागृह रात्री बंद होतं. मग अंधार पडायची वाट पाहायची, संध्याकाळपासून पाणी प्यायचं नाही, गाडीचा दिवा आला की उभं राहायचं. पाळीचे कपडे धुवायला आडोसा नाही, वाळवायला दोरी नाही. लघवीच्या जळजळीची तक्रार नसलेली बाई पालात सापडणं कठीण. दवाखान्यात तिला गोळ्या मिळतात. कमी पाणी प्यायल्याने हे होतं हे डॉक्टर सांगतात. पाणी का पीत नाही, हे विचारायला त्यांना सवड नसते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट सोबतीची. एकटी बाई रस्त्यावर एकटी राहू शकत नाही. ती कुठल्या तरी पुरुषाच्या आसऱ्याला जाते. तो मारतो, पैसे काढून घेतो, पण त्याच्यामुळे बाकीचे दहा लांब राहतात. गळ्यात काळे मणी नसतील तर ती ते विकत घेऊन घालते. पाहणीला गेलेला माणूस काय लिहितो? कुटुंबप्रमुख म्हणून त्या पुरुषाचं नाव आणि खाली पत्नी म्हणून तिचं. जी बाई हिंसेतून पळून आली ती कागदावर पुन्हा एका नवऱ्याची बायको होते. आपल्याला ती आता बेघर एकटी स्त्री म्हणून सापडणारच नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. लंडनमध्ये रस्त्यावर झोपणाऱ्यांची मोजणी होते, त्यात बायका फार थोड्या भरायच्या. तिथल्या संस्थांनी २०२२ साली बायकांची वेगळी मोजणी केली. रात्रभर बसमध्ये फिरणाऱ्या, दवाखान्यात बसून राहणाऱ्या, लपून झोपणाऱ्या बायकांना शोधून विचारलं. सरकारी मोजणीची पद्धतच पुरुषांना धरून होती, हे त्यातून पुढे आलं.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत बेघरांची मोजणी झाली. देशात १७ लाख ७० हजारांवर, त्यांतले ९ लाख ३८ हजार शहरांत. महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार. एका रात्रीत, जो दिसेल तो मोजायचा. जी न दिसण्यासाठी धडपडते ती या आकड्यात किती आली असेल?

नोंद म्हणजे काय मिळतं

आपल्या चळवळीने हे पूर्वी ओळखलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात परित्यक्तांची चळवळ उभी राहिली. त्यातली एक मागणी बाहेरच्यांना किरकोळ वाटायची: टाकलेल्या बाईला तिच्या नावाचं वेगळं रेशनकार्ड द्या. ज्या बाया ते मागत होत्या त्यांना त्याचा अर्थ पक्का माहीत होता. कार्ड म्हणजे साखर-रॉकेल होतंच, शिवाय “मी एक वेगळं घर आहे” हे सरकारने लिहून देणं होतं. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात अठरा वर्षांवरची ज्येष्ठ स्त्री ही रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख मानली गेली. पालातल्या बाईला हा हक्क कायद्याने आहे. तो तिच्यापर्यंत पोचत नाही, कारण काउंटरवर पहिला प्रश्न पत्त्याचा येतो.

मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी याचं उत्तर स्वतः शोधलं होतं. १९८१ च्या जुलैत, ऐन पावसात, मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारने फुटपाथवरची घरं पाडायला घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ साली ऑल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यात मान्य झालं. मात्र नोटीस देऊन हटवण्याचा पालिकेचा अधिकारही कायम राहिला, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितलं. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने फुटपाथवर राहणाऱ्यांची घरोघर मोजणी करून अहवाल काढला आणि १९८६ मध्ये तिथल्या बायकांचं ‘महिला मिलन’ उभं राहिलं. ज्यांना सरकार मोजत नव्हतं त्यांनी आपली यादी आपण केली, आणि त्या यादीवर पुढची अनेक वर्षं बोलणी केली.

आज कायदा कुठे आहे? १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझरच्या कारवाईबद्दल महत्त्वाचा निकाल दिला. पंधरा दिवसांच्या नोटिशीशिवाय घर पाडायचं नाही, बायका-मुलांना रातोरात रस्त्यावर आणणं शोभणारं नाही, असं त्यात आहे. आपण सगळ्यांनी त्याचं स्वागत केलं. पण त्याच निकालात अपवाद आहे: रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगत, नदीच्या पात्रात असलेल्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही. आपल्याकडची पालं याच चार जागी आहेत. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात, उघड्यावर तळ ठोकून झोपणाऱ्यांना दंड करण्याची मुभा गावांना दिली. निवाऱ्यात जागा नसली तरीही. श्रीमंत देश असो की आपला, तंबू दिसू नये यावर सगळ्यांचं एकमत फार लवकर होतं.

निवाऱ्याबद्दलचे आदेश मात्र आपल्या बाजूने आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अन्नहक्काच्या खटल्यात, शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक बारमाही, चोवीस तासांचा निवारा हवा, असं सांगितलं. २०१३ मध्ये शहरी उपजीविका अभियानाखाली योजना आली तिच्यात शंभर जणांचा एक निवारा, माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा, आणि बायकांसाठी व कुटुंबांसाठी वेगळे निवारे, असा हिशेब दिला होता. २०११ च्या जनगणनेप्रमाणे उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार, बदलापूरची १ लाख ७४ हजार. म्हणजे त्या जुन्या आकड्यांवरही उल्हासनगरला पाच, अंबरनाथला दोन आणि बदलापूरला एक निवारा बसतो. एकूण आठ, आठशे जणांची सोय. यातला एक तरी निवारा माहीत असलेल्यांनी हात वर करा, असं मी मघाशी मधल्या सुट्टीत गमतीने म्हटलं, तेव्हा कुणाचाच हात वर झाला नाही. आपल्यालाच पत्ता माहीत नसेल तर फलाटावरच्या बाईला कोण सांगणार?

आपल्याच बैठकीत येणारे आक्षेप

हा विषय निघाला की आपल्या गटांतही कुजबुज होते. ती उघड बोललेली बरी.

“गावाकडे यांची घरं असतात.” कुणाची? नवऱ्याची, सासऱ्याची, दिराची. गावच्या घराच्या उताऱ्यावर पालातल्या किती बायकांची नावं आहेत? टाकलेल्या बाईचं तर माहेरचंही घर भावाचं झालेलं असतं.

“निवारा दिला तरी जात नाहीत.” बरोबर, कित्येकजणी जात नाहीत. निवाऱ्यात नवरा-बायकोला वेगवेगळं ठेवणार, भांडी-ट्रंक ठेवायला जागा नाही, सकाळी बाहेर काढणार. एकट्या बाईसाठी स्वाधारगृहं निघाली तेव्हा आठ वर्षांपर्यंतच्याच मुलग्याला सोबत ठेवता यायचं. योजना बदलल्या, नावं बदलली, तरी मुलग्याच्या वयाची अट कुठे ना कुठे येतेच. दहा-बारा वर्षांच्या पोराला कुठे सोडून ती आत जाईल? तिने निवारा नाकारला की आपण तिला हट्टी म्हणतो. तिने आईपण निवडलेलं असतं.

“पोरांना भीक मागायला लावतात.” काही ठिकाणी लावतात. ते चुकीचंच आहे, तिथे आपण पोरांच्या बाजूने उभं राहायचं. पण १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात भीक मागणाराच नव्हे, उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि फिरतो आहे असा माणूसही पकडता येतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हाच कायदा दिल्लीपुरता बऱ्याच अंशी घटनाबाह्य ठरवला. गरीब दिसणं हा गुन्हा मानणाऱ्या कायद्याच्या हाती आपण बाईला देणार का, याचा विचार करा.

“मग काय, रुळांलगत राहू द्यायचं?” नाही. रुळांलगत मूल रांगायला लागतं तेव्हा आईने त्याच्या पायाला दोरी बांधलेली मी पाहिली आहे. तिथे कुणीही राहू नये. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना सुखरूप काढलं. चांगलं काम झालं. त्या नदीच्या आणि नाल्यांच्या काठाला जे पाल वाहून जातं त्याचा पंचनामा व्हायला आधी ते घर म्हणून कुठेतरी नोंदलेलं लागतं. आपलं म्हणणं पालं टिकवा असं नाही. आधी माणसाची नोंद, मग पर्यायी जागा, मग पाल हलवणं. आज हा क्रम उलटा आहे, आणि पहिल्या दोन पायऱ्या तर येतच नाहीत.

करायचं काय

मी पाच कामं सुचवते. जड नाहीत, पण सातत्य लागेल.

पहिलं, यादी. जून २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. बेघरांच्या एका रात्रीच्या मोजणीत काय होतं ते सांगितलंच. सरकारी आकड्याशेजारी ठेवायला आपली यादी हवी. दोघी-दोघींनी जायचं, रात्री आणि पहाटे जायचं. फलाट, देऊळ, दवाखान्याचा व्हरांडा सोडायचा नाही. बाईशी पुरुषाच्या समोर बोलायचं नाही, आणि तिचं नाव कुणाची बायको म्हणून नव्हे तर तिचं म्हणून लिहायचं. नको म्हणाली तर फक्त आकडा. आणि ही यादी पोलिसांच्या किंवा अतिक्रमण विभागाच्या हाती जाता कामा नये. नावं आपल्याकडे, आकडे बाहेर.

दुसरं, मतदार यादी. निवडणूक आयोगाच्या नियमावलीत बेघरांसाठी तरतूद आहे. अर्जात झोपण्याची जागा लिहायची, मतदान केंद्राचा अधिकारी एकाहून जास्त रात्री तिथे येऊन ती व्यक्ती खरंच तिथे झोपते का ते पाहतो, आणि खात्री पटली की राहण्याच्या कागदी पुराव्याची गरज नाही. म्हणजे ती झोपते ती जागा हाच तिचा पत्ता, हे सरकारने एका ठिकाणी तरी मानलं आहे. प्रत्येक गटाने आधी दहा जणींचे अर्ज भरून घ्या. त्या नोंदीचा धागा धरून रेशनकार्डाचा अर्ज करा, कुटुंबप्रमुख म्हणून बाईचं नाव घालून.

तिसरं, निवाऱ्याची पाहणी. तिन्ही शहरांत निवारे कुठे आहेत, दार रात्री अकरानंतर उघडतं का, एकट्या बाईला घेतात का, तिच्या मुलग्याला घेतात का, हे जाऊन पाहायचं. नगरपालिकेला आणि महापालिकेला लेखी विचारायचं, उत्तर लेखी घ्यायचं.

चौथं, रात्रीचं स्वच्छतागृह. स्टेशनजवळचं किमान एक रात्रभर उघडं, उजेड असलेलं, बायकांना विनामूल्य. याचा फायदा शेवटच्या लोकलने येणाऱ्या प्रत्येक बाईला आहे. म्हणून ही मागणी आपण एकट्या बेघरांच्या नावाने न करता सगळ्या बायकांच्या नावाने करू.

पाचवं, पाडापाडीच्या दिवशी हजर राहणं. आपण डंपर अडवू शकू असं नाही. पण पावसाळ्यात कारवाई होऊ नये, भांडी, कागद, औषधं काढायला वेळ मिळावा, बाळंतिणीला आणि म्हातारीला निवाऱ्यापर्यंत गाडी मिळावी, एवढं चारजणी समोर उभ्या राहिल्या तरी होतं. कागदाची पिशवी डंपरमध्ये गेली की दोन वर्षांची धडपड गेली, हे लक्षात ठेवा.

एक शेवटचं. सल्ला केंद्रावर आपण बाईला सांगतो, “मार खाऊ नकोस, घर सोड, आम्ही आहोत.” २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला त्याच घरात राहण्याचा हक्क दिला आणि आपण तो मागतोही. पण अर्जापासून आदेशापर्यंतच्या रात्री ती कुठे काढते? काहीजणी मारणाऱ्याकडेच परत जातात, कारण फलाट त्याहून भीतीचा असतो. पालातल्या बाईसाठी उघडलेलं दार आपल्या केंद्रावरच्या बाईलाही लागणार आहे. म्हणून हे काम सेवाभावाचं नाही, आपल्या रोजच्या कामाचाच राहिलेला भाग आहे.

जेवणानंतर गटचर्चा आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असे तीन गट करून बसा, आणि उठण्याआधी प्रत्येक गटाने पहिल्या रात्रीच्या मोजणीची तारीख व जाणाऱ्या दोघींची नावं फळ्यावर लिहा.